विहिरीच्या यारीला नवा वायररोप : ड्रमला टोक बांधायचं कसं?

यारीवाला (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातला. उन्हाळ्यात विहिरी खोदायची कामं घेतो. यारी (विहिरीतून मुरूम-दगड बकेटीनं वर ओढायचं यंत्र) स्वतःची आहे, चार वर्षांपूर्वी जुनी विकत घेतलेली. डिझेल इंजिन, क्लच, पट्ट्याचा ब्रेक, आणि ८ इंची पाइपाचा ड्रम. दोन्ही बाजूंना लोखंडी थाळ्या, मधे दीड फूट जागा. जुन्या रोपाच्या तारा निघायला लागल्या म्हणून नवा घेतला: १२ मिमी, सहा पदरी, मधे ताग, लांबी ३० मीटर.

आता प्रश्न टोकाचा. जुना रोप पाइपाच्या भोकातून आत घालून आत गाठ मारलेली होती. ती सोडवताना घामटा निघाला, शेवटी ग्राइंडरनं कापली. गाठीपाशी निम्म्या तारा तुटलेल्या होत्या आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मागच्या साली शेजारच्या शिवारात एका यारीचा रोप ड्रमवरून सुटून बकेटीसकट तळाला गेला. गडी भाकरी खायला वर आले होते म्हणून निभावलं. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

गावात विचारलं तर तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. एक म्हणतो गाठच मार, दुसरा म्हणतो वेल्डिंग मार, तिसरा म्हणतो यू क्लॅम्प लाव. जाणकारांनी सांगावं.

गावाकडचा_अण्णा (सोमवार, रात्री ९.४०)

वीस वर्षं यारी चालवतोय. गाठच. आत गाठ मारायची, वर एक हातोडा घालायचा. आजवर एक बकेट पडली नाही. उगं शिकलेल्या माणसांच्या नादी लागू नका.

टाका_मारा (सोमवार, रात्री ९.५८)

टोकाला दोन इंच वेल्डिंग मारा, विषय संपला. गाठ नको नि क्लॅम्प नको.

फिटरकाका (सोमवार, रात्री १०.३५)

टाका_मारा, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. रोपाची तार साधी बांधायची तार नव्हे. ते जास्त कार्बनचं पोलाद थंड ओढून केलेलं असतं, तिची सगळी ताकद त्या ओढण्यात. वेल्डिंगचा होल्डर टेकवला की जिथं तापलं तिथं ती मऊ पडते आणि टाक्याला लागून ठिसूळ होते. बाहेरून चकचकीत टाका दिसतो. दोनचार झटके बसले की टाक्याच्या अगदी कडेला एकेक तार तुटायला लागते. ड्रमला काय हवं ते वेल्डिंग करा, रोपाला नाही.

मी भोसरीत ३१ वर्षं क्रेन मेंटेनन्सला होतो, बहुतेक ईओटी, म्हणजे छताखाली रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेन. तेव्हा क्लॅम्पचं सांगतोच. पण त्याआधी यारीवाला यांना एक प्रश्न. बकेट तळाला टेकलेली असते तेव्हा ड्रमवर किती वेढे उरतात?

यारीवाला (सोमवार, रात्री १०.५०)

काका, खरं सांगू का, कधी मोजले नाहीत. आता विहीर ४२ फूट झालीय. सहासात असतील. मालकाला ६० फुटांपर्यंत न्यायचीय.

फिटरकाका (मंगळवार, सकाळी ७.२०)

मग आधी वेढ्यांचंच बोलू. टोकाचं नंतर.

लोकांना वाटतं भार त्या टोकाच्या क्लॅम्पवर लटकलेला असतो. तसं नसतं. मारका बैल आवरताना तुम्ही दावं झाडाला गाठ मारून बांधता का? बुंध्याला दोन वेढे देता आणि उरलेलं टोक एका हातात धरता. बैल जिवाच्या आकांतानं ओढतो आणि पोरगं टोक धरून उभं असतं. ड्रमवरही तेच चालतं. रोप ड्रमला घासतो आणि दर वेढ्याला ताण कमी होत जातो.

किती कमी, तर पोलादावर पोलाद, त्यात ग्रीस आणि विहिरीचा चिखल, म्हणून घर्षणाचा आकडा ०.१ धरायचा. त्या हिशोबानं दर वेढ्याला ताण जवळपास निम्मा होतो. ओल्या मुरमाची बकेट ५०० किलो धरा. ड्रमवर एक वेढा उरला असेल तर टोकावर २६७ किलो येतात. दोन असतील तर १४२, तीनला ७६, चारला ४१, पाचला २२. आणि एकही वेढा नसेल तर पाचशेच्या पाचशे. झटका बसला तर त्याहून जास्त.

क्रेनच्या नियमात हूक सगळ्यात खाली असताना ड्रमवर कमीत कमी दोन पूर्ण वेढे उरले पाहिजेत असं आहे. आमच्याकडे त्यांना डेड टर्न म्हणायचे. ते कामासाठी नसतातच, ते नुसते धरून बसायला असतात. पण कारखान्याचा मजला खाली जात नाही, तुमच्या विहिरीचा तळ रोज खाली जातो! इथंच खरी गोम आहे.

तुमचा पाइप ८ इंची, म्हणजे बाहेरचा व्यास २१९ मिमी. त्यात रोपाचे १२ मिळवा. एका वेढ्याला ७२६ मिमी रोप लागतो, सुमारे २.४ फूट. म्हणजे विहीर २.४ फूट खोल गेली की तुमचा एक वेढा कायमचा गेला. आज सहा असतील, दोन सुरुंग उडवले की पाच. कुणी काही बदललेलं नसतं, कुणी काही चूक केलेली नसते, आणि एक दिवस सगळा भार टोकावर येतो.

नव्या रोपाचा हिशोब बघा. ३० मीटर म्हणजे ९८ फूट. ड्रमपासून वरच्या कप्पीवरून काठापर्यंत किती जातो?

यारीवाला (मंगळवार, सकाळी ७.४५)

आत्ताच टेप लावला काका. २४ फूट.

फिटरकाका (मंगळवार, सकाळी ८.०५)

९८ वजा २४ म्हणजे ७४. टोक अडकवायला आणि शेपटी ठेवायला दोन-अडीच फूट सोडा. पाच वेढ्यांचे १२ फूट. उरले साठाच्या आत-बाहेर. म्हणजे ६० फुटांना रोप बरोबर पुरतो, पण पुढं इंचभरही जायचं नाही. हे आजच डायरीत लिहून ठेवा.

वाचनमात्र (मंगळवार, सकाळी ९.३०)

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे विहीर नाही, यारी नाही, बैलही नाही, पण वाचतोय.

गावाकडचा_अण्णा (मंगळवार, दुपारी १.१५)

वेढ्यांचं पटलं. पण मग काका, तुमच्याच हिशोबानं पाच वेढे असताना टोकावर फक्त २२ किलो येतात. २२ किलोला गाठ पुरत नाही होय? कशाला क्लॅम्पचा खर्च?

फिटरकाका (मंगळवार, दुपारी २.००)

अण्णा, प्रश्न बिनतोड आहे. उत्तरही सरळच देतो. वीस वर्षं बकेट धरून होते ते तुमचे वेढे. गाठीची परीक्षा अजून झालेलीच नाही. ती होईल शेवटचा वेढा सुटेल त्या दिवशी, आणि त्या दिवशी खाली माणूस असेल.

१२ मिमीचा चांगला रोप तुटायला आठ टनांच्या आसपास भार लागतो. त्यालाच गाठ मारली की पदर एकमेकांवर चिरडले जातात आणि ती ताकद निम्म्यावर येते. त्यात भोकाची कड सुरीसारखी. यारीवाल्यांनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय बघा, निम्म्या तारा तुटलेल्या आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. क्लॅम्प समोर दिसतो, त्याला पाना लागतो. गाठीला काय लावणार?

आणि उलटंही ध्यानात ठेवा. दहा वेढे असले तरी टोक मोकळं सोडून चालत नाही. बैलाच्या दाव्याचं टोक पोरानं सोडलं तर झाडाला कितीही वेढे असोत, दावं सुळकन निघून जातं. शून्याला कितीनंही गुणा, शून्यच.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव नको. दहा टनी क्रेन होती. खोल खड्ड्यात हूक पोचेना म्हणून कुणी शहाण्यानं खालचा लिमिट स्विच, म्हणजे हूक ठरल्या जागी थांबवणारा, तारेनं बांधून टाकला. ऑपरेटर ‘खाली’ दाबत राहिला. रोप संपला, पण ड्रम थांबतोय कशाला? तो फिरतच राहिला आणि रोप दुसऱ्या बाजूनं, उलटा गुंडाळायला लागला. बटण ‘खाली’चं आणि हूक वर येतोय! ऑपरेटर घाबरून आणखी दाबतोय. मी शिडीनं वर चढून पाहिलं तेव्हा तीन क्लॅम्पपैकी एक फिरून आडवा झाला होता आणि उरलेल्या दोघांचे बोल्ट केळ्यासारखे वाकलेले. त्या दोन बोल्टांवर चार टनांचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, लटकत होता. त्या रात्री मी जेवलो नाही.

निवृत्त_वाइंडर (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

मी चंद्रपूरकडचा. कोळशाच्या खाणीत वाइंडिंग इंजिनवर, म्हणजे खाणीतला पाळणा वर-खाली ओढणाऱ्या इंजिनवर होतो. आमच्या ड्रमचा घेर एवढा की आत माणूस उभा राहील. तिथं रोपाचं टोक ड्रमच्या सालीतल्या भोकातून आत घेत, पण भोक कसं, तर तोंडाशी गोल घासलेलं आणि तिरकं, रोपाला कोपरा म्हणून लागू नये. आत गेल्यावर तो दांड्याला वेढे देऊन मग क्लॅम्पनं बांधायचा. म्हणजे बाहेर ड्रमवर वेढे, आत परत वेढे, आणि मग क्लॅम्प. एवढं करूनही ड्रमच्या आत उतरून ते क्लॅम्प तपासायचेच.

फिटरकाकांच्या हिशोबात माझी एक भर. वेढे मोजत बसू नका, माणूस मोजायचं विसरतेच. रोपाला रंग द्या. बकेट तळाला असताना जे पाच वेढे उरले पाहिजेत त्यातला बाहेरचा, म्हणजे पाचवा, लाल ऑइलपेंटनं रंगवा. इंजिनवरच्या गड्याला एवढंच सांगा की लाल रोप ड्रमवरून उठताना दिसला की ब्रेक. त्याला बेरीज-वजाबाकी यायची गरज नाही.

आणि दुसरं, विचारलं नाही तरी सांगतो. त्या बकेटीत बसून माणसं वर-खाली करता का? करत असाल तर बंद करा भाऊ. खाणीत माणसांचा पाळणा वेगळा, त्याचे ब्रेक वेगळे, त्याच्या रोपाची ताकद धरायचं मापही वेगळं. मुरमाच्या बकेटीचा रोप माणसासाठी नसते. शिडी लावा.

यारीवाला (मंगळवार, रात्री ८.३०)

खोटं बोलत नाही दादा, बसतात. सगळीकडेच बसतात. शिडीचं बघतो.

हार्ट्झकर (मंगळवार, रात्री ११.५५)

मी मूळ सांगलीचा, सध्या जर्मनीत हार्ट्झ डोंगरांच्या पायथ्याशी. धागा वाचून राहवलं नाही, कारण तारेचा रोप जन्मला तो इथंच. क्लाउस्थालच्या चांदीच्या खाणींमधे १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्यानं तो पहिल्यांदा करून वापरला. त्याआधी अंबाडीच्या जातीचे जाड दोर किंवा लोखंडी साखळ्या. दोर कुजायचे, आणि साखळीची एक कडी तुटली की सगळंच गेलं. आल्बर्टच्या रोपात तीन पदर, दर पदरात साडेतीन मिमीच्या चार तारा. एकूण बारा! एक तुटली तरी अकरा उरतात आणि तुटलेली डोळ्यांना दिसते. बाकी सगळे शोध नंतरचे.

फिटरकाकांनी बैलावरून समजावलं त्या गणिताला इथं ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावानं ओळखतात. त्याच गणिताच्या भरवशावर कोपे नावाच्या माणसानं १८७७ साली वेगळंच धाडस केलं. त्यानं रोप ड्रमला बांधायचंच सोडून दिलं. चाकावरून रोप नुसता टाकला, दोन्ही बाजूंना पाळणे, खाली समतोलाला दुसरा रोप. चाक फिरतं आणि घर्षणानं रोप जातो. आज खोल खाणींमधे हीच पद्धत सर्रास आहे. तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचा रोपही बहुधा कुठल्याच ड्रमला बांधलेला नसतो, एका टोकाला डबा आणि दुसऱ्या टोकाला वजन.

गावाकडचा_अण्णा (बुधवार, सकाळी ६.३०)

म्हणजे लिफ्टचा रोप बांधलेलाच नसतो? पोराच्या फ्लॅटवर पुण्याला जातो तेव्हा सातव्या मजल्यावर राहतो तो. आता जिन्यानं जावं लागणार.

हार्ट्झकर (बुधवार, सकाळी ११.१०)

अण्णा, दुसऱ्या टोकाचं वजन तुमच्यासाठीच आहे. बिनधास्त बसा.

फिटरकाका (बुधवार, दुपारी १२.२०)

जर्मनीहून परत बीडकडे येऊ. यारीवाला, रोप चढवण्याआधी पीळ बघा. रोप डोळ्यांसमोर उभा धरा. पदर खालून वर जाताना उजवीकडे झुकत असतील तर उजवा पीळ. बाजारात बहुधा तोच मिळतो.

आता ड्रमच्या मागे उभे राहा, म्हणजे तुमच्या आणि विहिरीच्या मधे ड्रम. रोप ड्रमच्या वरून विहिरीकडे जातो की खालून? वरून जात असेल तर उजवा हात पुढं करा, तळवा जमिनीकडे, बोट रोपाच्या दिशेनं. अंगठा जिकडे जाईल त्या बाजूच्या थाळीपाशी रोपाचं टोक अडकवायचं. रोप खालून जात असेल तर तळवा आभाळाकडे. डाव्या पिळाच्या रोपाला हेच सगळं डाव्या हातानं.

खाचांच्या ड्रमवर खाचाच रोपाला जागेवर ठेवतात, पण तुमचा साधा पाइप आहे. टोक चुकीच्या बाजूला असेल तर ताण ढिला पडला की पीळ वेढ्यांना एकमेकांपासून फाकवतो. मग फटीत वरचा वेढा घुसतो आणि चिरडतो.

यारीवाला (बुधवार, रात्री ८.४५)

काका, हात धरून पाहिला. रोप उजव्या पिळाचा, जातो ड्रमच्या वरून, अंगठा डावीकडे. आणि भोक उजवीकडे!

आता कळलं जुन्या रोपाचे वेढे कायम विसकटलेले का असायचे. एक गडी काठी घेऊन वेढे सारखे करायलाच बसवावा लागायचा. मला वाटायचं यारीच वाकडी आहे.

गावाकडचा_अण्णा (बुधवार, रात्री ९.०५)

सोपं आहे. रोप खालून घ्या. मग उजवीकडचंच भोक चालतंय. काकांच्याच नियमात बसतंय.

दर्यावर्दी (बुधवार, रात्री ११.३०)

थांबा, तसा घेऊ नका. मी जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे, रत्नागिरीकडचा. हा घोळ मी बंदरात पाहिलाय.

रोप खालून घेतला तर पहिलं म्हणजे इंजिन ड्रम ज्या दिशेनं फिरवतं त्या दिशेनं बकेट वर यायच्या ऐवजी खाली जाईल. ते एक वेळ लगेच ध्यानात येईल. दुसरं ध्यानात येत नाही, ते म्हणजे ब्रेक. पट्ट्याच्या ब्रेकला बाजू असते. पट्ट्याचं एक टोक सांगाड्याला पक्कं आणि दुसरं लिव्हरला. भार ड्रमला एका दिशेनं ओढतो तेव्हा पट्टा आपोआप आवळत जातो, थोडा पाय दिला तरी धरतो. तोच भार उलट्या दिशेनं ओढायला लागला की पट्टा स्वतःला ढिला करतो, आणि तोच ब्रेक, तेवढाच पाय, पण पकड पार उतरते. जहाज धक्क्याला बांधायच्या विंचांवर म्हणूनच रंगानं बाण काढलेला असतो, दोर ह्याच बाजूनं गुंडाळा. कुणी नवखा उलटा गुंडाळतो, दिवसभर काही होत नाही, आणि रात्री वारा सुटला की ब्रेक सरकतो.

रोप वरूनच ठेवा, डावीकडे नवं भोक पाडा. जुनं भोक तसंच राहू दे, ते काय खायला मागत नाय.

जाता जाता, नांगराच्या साखळीचं टोक जहाजात मुद्दाम अशा खिळीनं अडकवतात की बाहेरून घण मारून ते सोडता यावं. कधीकधी नांगर सोडून पळावं लागतं. तुम्हाला ते नको, तुमच्या खाली गडी आहेत.

फिटरकाका (गुरुवार, सकाळी ७.१०)

दर्यावर्दी यांना मनापासून धन्यवाद. ब्रेकचं माझ्या ध्यानात आलं नसतं, आमच्या क्रेनला मोटरीवर वेगळे ब्रेक.

आता भोक. पाइपात पाडू नका, डाव्या थाळीत पाडा, पाइपाला अगदी लागून. १२ मिमी रोपाला १६-१८ मिमीचं भोक, सरळ नाही, तिरकं, वेढा ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं लांबट. दोन्ही कडा फाइलनं गोल करा. बोट फिरवून बघा, बोटाला टोचलं तर रोपालाही टोचणार. मग रोप थाळीच्या बाहेर काढून थाळीच्याच अंगावर दोन यू क्लॅम्पनं आवळा. थाळीला दोन-दोन भोकं पाडून यू बोल्टचे पाय आरपार घ्या, मागून पट्टी आणि नट, नटाखाली स्प्रिंग वॉशर. क्लॅम्पच्या पुढं सहा इंच शेपटी ठेवा. डाव्या बाजूला गियर किंवा ब्रेक नाही ना?

यारीवाला (गुरुवार, सकाळी ७.३०)

नाही काका, ते दोन्ही उजवीकडे. डावीकडे बेअरिंगपर्यंत चांगली चार बोटं जागा आहे.

फिटरकाका (गुरुवार, सकाळी ७.५५)

छान. फिरताना शेपटी कशाला घासत नाही ना ते हातानं ड्रम फिरवून बघा.

रोप कापायचा असेल तर आधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायर घट्ट गुंडाळा, रोपाच्या जाडीच्या दुप्पट लांबीची. नाहीतर कापताक्षणी पदर उलगडतात आणि पीळ आतपर्यंत ढिला होतो. वेटोळं जमिनीवर चाकासारखं लोळवत उलगडा. मधून टोक ओढून काढलं की मुरड पडते. पडलेली मुरड हातोड्यानं सरळ केली तरी तिथं रोप मेलेलाच.

चढवताना ताण द्या. रिकामी बकेट नको, अर्धी भरलेली काठापासून खाली सोडा आणि मग गुंडाळा. पहिले पाच वेढे हातानं, एकाला एक लागून, लाकडी ठोकळ्यानं हलके ठोकत.

बकेटीकडच्या टोकाचंही बघा. तिथं वेढे नसतात, सगळा भार क्लॅम्पवरच. १२ मिमीला कमीत कमी तीन बुलडॉग क्लॅम्प, दोन क्लॅम्पमधे तीन इंच अंतर, आणि फाशाच्या आत थिंबल, म्हणजे खोबणीची लोखंडी कडी. क्लॅम्पचं खोगीर, म्हणजे रोप बसायचा खाचेचा तुकडा, भाराच्या रोपावर, यू बोल्टचा वाक मोकळ्या शेपटीवर. शंभरातल्या पन्नास ठिकाणी एक सुलटा एक उलटा लावलेला दिसतो, ‘बॅलन्स’ होतो म्हणे! यू बोल्ट रोपाला चावतो, तो भाराच्या रोपाला चावायला नको. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे नट परत आवळा, रोप दबून बारीक होतो आणि नट ढिले पडतात.

नवा_आयटीआय (गुरुवार, दुपारी ३.४०)

काका, रोप कधी बदलायचा हे कसं ओळखायचं? आमच्या सरांनी आकडा सांगितला होता, विसरलो.

फिटरकाका (गुरुवार, सायंकाळी ५.१५)

पदर रोपाभोवती एक पूर्ण फेरी घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पदरात तीन, तर रोप बाद. मुरड, चिरडलेली जागा, बाहेर आलेला ताग, टोकाच्या क्लॅम्पपाशी तुटलेली तार, यांना आकडा लावत बसायचं नाही. कारखान्यात आमच्याकडे फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम २९ प्रमाणे वर्षातून एकदा बाहेरचा तपासनीस यायचा. त्याच्या आधी आठवडाभर आम्ही कापसाची चिंधी घेऊन सगळा रोप पुसायचो. चिंधी जिथं अडकली तिथं तार तुटलेली. उघडा हात फिरवू नका, माझ्या अंगठ्यात अजून एक आहे.

यारीवाला (रविवार, दुपारी ४.२०)

झालं काम. डावीकडे भोक पाडलं, फाइल मारून मारून हात दुखले. दोन क्लॅम्प थाळीवर, शेपटी सहा इंच. पाचवा वेढा लाल. बकेटीकडे तीन क्लॅम्प, तिघांची खोगिरं एका बाजूला. काठीवाल्या गड्याला आज काहीच काम नव्हतं, वेढे आपोआप एकाला एक लागून बसतायत. तो म्हणाला, मालक, माझी रोजी गेली का आता? त्याला शिडी धरायला लावलंय. शिडी पण आणली.

यारीवाला (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०.०५)

सांगायला आलो. विहीर ६० फूट झाली, पण पाणी नाही. खाली नुसता काळा पाषाण, ओल पण नाही. मालक म्हणाला अजून पाच फूट जाऊ, झरा जवळच आहे, पानाड्यानं सांगितलंय. सुरुंग उडवला, तीन फूट मोकळं झालं. सकाळी बकेट खाली सोडली आणि तळाला टेकायच्या आत लाल रंग ड्रमवरून उठायला लागला. इंजिनवरच्या पोरानं ब्रेक मारला आणि खाली ओरडला.

मालक काठावर उभा राहून म्हणतो, अरे अजून चार वेढे दिसतायत की, सोड खाली. पोरगं ऐकेना. माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, ह्यांनी सांगितलंय लाल म्हणजे बंद. काम थांबवलं. आठ माणसांची रोजी अंगावर आली, मालक दोन दिवस बोलला नाही. ४० मीटरचा रोप मागवलाय, सोमवारी येतोय.

दर्यावर्दी (शुक्रवार, रात्री १०.४०)

त्या पोराला माझ्याकडून एक चहा.

फिटरकाका (शनिवार, सकाळी ६.५०)

नवा चढवल्यावर पहिल्या दिवसाअखेर नट आवळायला विसरू नका. लाल खूण नव्या रोपावर नव्यानं मोजून काढा, जुनीच्या अंदाजानं नको. ६५ फुटांचा हिशोब परत मांडा. जुना ३० मीटर उथळ विहिरीला चालेल, टाकू नका.

गावाकडचा_अण्णा (रविवार, रात्री ९.२५)

आज आमच्या यारीची बकेट तळाला टेकवून वेढे मोजले. एक पुरा आणि वर थोडा. गाठ अजून उघडून पाहिली नाही, उद्या कापतो.

यारीवाला, तो ४० मीटर कुठून मागवला तेवढं कळवा.